बुचाचें आरमार : फ्रेड जेन ह्याचें चरित्र

बाटलीचें बूच, थोडी तार, रंगाच्या दोनचार वाट्या आणि एक मोठें मेज, एवढ्या सामग्रीवर ज्यानें जगांतील बलाढ्य आरमारें एकमेकांशीं झुंजविलीं, त्या फ्रेड जेन ह्याचें नांव आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. परंतु दर्यावर्दी राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांना तें इतकें परिचित आहे कीं, कोणतें जहाज कोणाचें ह्याविषयीं वाद पडला म्हणजे ते त्याच्या नांवाचा ग्रंथ उघडतात. हा ग्रंथ एका खेळांतून जन्मास आला.

जॉन फ्रेडरिक टॉमस जेन ह्याचा जन्म ६ ऑगस्ट १८६५ रोजीं इंग्लंडांत रिचमंड येथें झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक असून पुढें डेव्हन परगण्यांतील अपॉटरी नांवाच्या खेड्यांत त्यांची नेमणूक झाली. मुलाचें शिक्षण एक्झिटर येथील शाळेंत झालें. शाळेचें अधिकृत नियतकालिक त्याला फार मिळमिळीत वाटे, म्हणून त्यानें स्वतःचें एक प्रतिस्पर्धी पत्र काढलें होतें. (आमच्या वाचकांनीं ह्या बाबतींत त्याचें अनुकरण करूं नये, अशी संपादकांच्या वतीनें नम्र विनंति आहे.)

इ. स. १८८२ च्या जुलै महिन्यांत इंग्रजी आरमारानें इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरावर तोफा डागल्या. त्या वार्तेनें इंग्लंडांतील सगळीं मुलें भारून गेलीं. परंतु इतर मुलें आठपंधरा दिवसांनीं तें विसरलीं आणि जेन विसरला नाहीं. त्या लढाईंतील लोखंडी जहाजांचीं चित्रें काढण्यास त्यानें आरंभ केला, आणि एकामागून एक सर्व राष्ट्रांचीं जहाजें त्याच्या वहींत येऊं लागलीं. आरमारांत शिरावें ही त्याची मनापासून इच्छा होती. परंतु प्रकृतीनें दगा दिला आणि तें द्वार त्याला कायमचें बंद झालें. ज्याला समुद्राचा एवढा ध्यास, त्यानें किनाऱ्यावर राहून चित्रें काढावीं, हें दुःख लहान नव्हे.

पोटासाठीं तो लंडनला गेला. तेथें माळ्यावरच्या एका खोलींत राहून, अर्धपोटीं, तो वृत्तपत्रांना चित्रें पुरवूं लागला. इ. स. १८९० च्या सुमारास आरमाराच्या कवायतींचीं चित्रें काढण्यासाठीं 'नॉर्दम्टन' ह्या जहाजावर जाण्याची संधि त्याला मिळाली, आणि सैनिक म्हणून ज्या डेकवर त्याला पाय ठेवतां आला नसता, तेथें तो कुंचला घेऊन चढला. पुढें त्यानें अद्भुत कादंबऱ्या लिहिल्या, इतरांच्या कादंबऱ्यांना चित्रें काढलीं. त्या सर्वांची येथें यादी देण्याचें प्रयोजन नाहीं. त्याचें खरें मन दुसरीकडेच गुंतलेलें होतें.

जमिनीवरील युद्धाचा मेजावरचा खेळ प्रशियाच्या सैन्यांत इ. स. १८२४ पासून रूढ होता. समुद्राची गोष्ट मात्र निराळी. तेथें डोंगर नाहीं, नदी नाहीं, आड घेण्यास झाड नाहीं. सगळा भरंवसा जहाजाचा वेग, कवच आणि तोफा ह्यांवर. शंभर वर्षांपूर्वीं जॉन क्लार्क नांवाच्या एका स्कॉटिश गृहस्थानें, स्वतः कधीं समुद्रावर न लढतां, मेजावर लहान जहाजें मांडून नौकायुद्धाचे डांवपेंच शोधले होते व इ. स. १७८२ मध्यें ते लिहून काढले होते. परंतु तो शिडांचा काळ होता. वाफेच्या व पोलादाच्या जहाजांसाठीं जेननें आपला खेळ रचला व इ. स. १८९८ मध्यें तो प्रसिद्ध केला.

ह्या खेळांतील जहाजें बुचाचीं असत. पाण्याखालचा भाग मुळींच करावयाचा नाहीं. पाण्यावर जेवढें दिसतें तेवढेंच कोरावयाचें, म्हणजे मेजाचा पृष्ठभाग हाच समुद्र होतो. डोलकाठ्यांस व तोफांस तार. ओळख पटते ती धुरांड्यांच्या संख्येवरून, त्यांच्या उंचीवरून व त्यांमधील अंतरावरून. म्हणून तेथें चूक झाली तर बाकीची कारागिरी व्यर्थ. रंगाविषयींहि तसेंच. राणी व्हिक्टोरियाच्या काळीं इंग्रजी युद्धनौका अंगानें काळ्या, वर पांढऱ्या आणि धुरांड्यांना पिवळसर रंग अशा नटलेल्या असत; इ. स. १९०३ च्या सुमारास त्या सर्वांना राखी रंग फांसण्यांत आला. खऱ्या आरमाराचा रंग बदलला तेव्हां मेजावरचें आरमारहि पुन्हां रंगविणें खेळाडूंना साहजिकच भाग पडलें असेल.

खेळ मात्र पोरखेळ नव्हता. दोन्ही पक्ष आपापले हुकूम गुप्तपणें लिहून पंचाच्या हातीं देत. मग जहाजें मेजावरील चौकटींतून वेगाच्या प्रमाणांत सरकत. तोफ डागण्याची युक्ति तर फारच मौजेची होती. जेननें लांकडाची एक चपटी फळी केली व तिच्यांत मध्यभागाच्या जरा बाजूला एक टोंकदार खिळा बसविला. शत्रूच्या जहाजाचें चित्र पुठ्ठ्यावर छापलेलें असे. अंतर अधिक तर चित्र लहान, अंतर कमी तर मोठें. खेळाडूनें त्या चित्रावर फळी मारावयाची. खिळा मध्यभागीं नसल्यामुळें नेम कधीं धरला तसा बसत नसे, आणि खऱ्या तोफेचाहि तो बसत नाहीं! जेथें भोंक पडे तेथें गोळा लागला असें समजावयाचें. धुरांड्यास लागला तर वेग घटला. तोफेस लागला तर तोफ मुकी झाली. पाण्याच्या रेषेपाशीं पातळ कवचास लागला तर जहाज बुडूं लागलें.

आतां, हा निर्णय न्यायानें करावयाचा तर प्रत्येक जहाजाचें कवच कोठें किती जाड, तोफा किती व कोणत्या, वेग किती, हें सर्व आधीं ठाऊक पाहिजे. बालपणापासूनच्या वह्या येथें कामास आल्या. त्याच वर्षीं जेननें जगांतील युद्धनौकांचा एक आडवा ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रें त्याच्या स्वतःच्या लेखणीचीं. कवचाच्या व तोफांच्या बळाला अक्षरांच्या खुणा दिलेल्या, त्याच खुणा खेळांतहि चालत. खेळाला पुरवणी म्हणून निघालेला हा ग्रंथ थोड्याच वर्षांत खेळाहून मोठा झाला.

आमच्या देशाच्या किनाऱ्यावरहि अशा ओळखीची गरज एकदां फार तीव्रतेनें भासली. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्रीं ज्या 'एमडन' नांवाच्या जर्मन जहाजानें मद्रासेवर गोळे टाकले, त्याला तीन धुरांडीं होतीं. पुढच्याच महिन्यांत पेनांग बंदरांत शिरतांना त्याच्या कप्तानानें चौथें खोटें धुरांडें उभें केलें आणि जहाज इंग्रजी 'यार्मथ'सारखें भासविलें. त्या सोंगाच्या आड त्यानें 'झेमचुग' ही रशियन नौका बुडविली. एका खोट्या धुरांड्याची एवढी किंमत!

जेन स्वभावानें विलक्षण होता. नव्यानेंच निघालेल्या मोटारींचें त्याला वेड, इ. स. १९०६ मध्यें पोर्ट्समथहून आरमाराचा कैवारी म्हणून तो पार्लमेंटच्या निवडणुकीस उभा राहिला व पडला. एकदां तर प्रतिपक्षाच्या एका सभासदाला त्यानें भाषणास जातांना आपल्या मोटारींत बसविलें व भलतीकडेच नेऊन सोडलें. लोक हंसले असतील, पण हें वर्तन शहाण्याचें नव्हे, असेंच आम्हांस वाटतें. मात्र कामाच्या बाबतींत तो कधीं थट्टा करीत नसे. रशियाच्या व जपानच्या आरमारांवर त्यानें स्वतंत्र ग्रंथ लिहिले, आणि इ. स. १९०९ मध्यें विमानांचाहि तसाच ग्रंथ काढला. त्या वेळीं विमान हें बहुतेकांना केवळ जत्रेंतलें नवल वाटत होतें.

८ मार्च १९१६ रोजीं साउथसी येथें आपल्या घरीं तो निधन पावला. वय अवघें पन्नास. महायुद्ध चालू होतें, आणि ज्या दोन आरमारांचीं बुचाचीं जहाजें त्याच्या खेळांत समोरासमोर मांडतां येत, तीं खरोखरींच समोरासमोर येण्यास बारा आठवडे उरले होते. ३१ मे रोजीं जटलंडजवळ तीं भिडलीं. इंग्रजांचीं तीन मोठीं जहाजें दारूच्या कोठारांना आग लागून फुटलीं. त्यांतील 'इन्व्हिन्सिबल' हें दुभंगलें, व त्याच्यावरील एक हजाराहून अधिक माणसांपैकीं सहा वांचलीं. जेनच्या पुठ्ठ्यावर त्याचा हिशेब एका भोंकानें होई. त्या भोंकांतून माणसें दिसत नसत. त्याच वर्षापासून त्या ग्रंथाच्या नांवांत त्याचें नांवहि छापूं लागले.