लोकगीतांचे उपासक सेसिल शार्प

ज्या गाण्याचा कर्ता ठाऊक नाही, जे कुठल्या पुस्तकात नाही आणि जे केवळ आईच्या तोंडून मुलीच्या कानी पडते, त्या गाण्याला विद्वानांच्या लेखी फार काळ काही किंमत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात हीच स्थिती होती. खरे संगीत जर्मनीचे, असे सुशिक्षितांचे मत. आणि खेड्यातील म्हाताऱ्यांना आपली गाणी परक्यासमोर म्हणावयाचा संकोच वाटे. हा संकोच दूर करून ती गाणी लिहून ठेवण्यासाठी ज्यांनी आयुष्याची अखेरची वीस वर्षे वेचली, त्या सेसिल शार्प यांचे चरित्र आपल्या मंडळाच्या भगिनींनी जाणून घेण्यासारखे आहे.

शार्प यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८५९ रोजी लंडन येथे झाला. वडील व्यापारी होते. केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजात गणिताचा अभ्यास करून १८८२ साली ते ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहरी गेले. तेथे त्यांनी प्रथम बँकेत कारकुनी केली, मग न्यायाधीशांच्या हाताखाली नोकरी केली; परंतु जीव रमे तो संगीतात. १८९२ साली ते मायदेशी परतले आणि संगीताच्या शिकवण्या हाच त्यांचा चरितार्थ झाला. पुढल्याच वर्षी कॉन्स्टन्स बर्च यांच्याशी त्यांचा विवाह झाला. घरी चार मुले, मिळकत बेताची आणि त्यात दम्याचा जुना विकार, असा तो संसार होता.

१८९९ च्या नाताळात ते ऑक्सफर्डजवळ सासुरवाडीस गेले होते. २६ डिसेंबरला दारी नर्तकांचा एक मेळा आला. थंडीमुळे बांधकामे बंद पडलेली, म्हणून चार पैसे मिळावेत यासाठी हे कामकरी आपला परंपरागत नाच घेऊन निघाले होते. त्यांच्यातील विल्यम किंबर या तरुण गवंड्याला शार्प यांनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले व त्याच्याकडून चाली उतरवून घेतल्या.

खरे वळण लागले ते १९०३ साली. सॉमरसेट परगण्यातील हॅम्ब्रिज या गावी चार्ल्स मार्सन हे त्यांचे स्नेही धर्मोपदेशक होते. त्यांच्या बागेत काम करणारा जॉन इंग्लंड हा माळी गात असताना शार्प यांनी ऐकला. त्यांनी तत्काळ चाल टिपून घेतली. तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळिसाच्या घरात होते. त्या दिवसापासून सुटी लागली की सॉमरसेटची वाट धरावयाची, हा त्यांचा नेम झाला.

ही गाणी त्यांना मिळाली कुठे? चुलीपाशी, शेतात, गुत्त्यात आणि अनाथांच्या आश्रयगृहांत. हॅम्ब्रिजच्या लुईसा हूपर व लूसी व्हाइट या सावत्र बहिणींनी त्यांना शंभराच्या आसपास गाणी दिली. आईकडून आलेला हा ठेवा त्यांनी पोटासाठी कष्ट करता करता सांभाळला होता. लँगपोर्टच्या एमा ओव्हर्ड तर अशा आनंदी स्वभावाच्या की, त्यांनी या शहरी गृहस्थांना कमरेला धरून भर रस्त्यात नाचविले, असे सांगतात.

शार्प यांचे वैशिष्ट्य असे की, ते केवळ गाणे नेत नसत. गाणाराचे नाव, गाव व तारीख ते टिपून ठेवीत. सॉमरसेटच्या गीतांचे पाच भाग १९०४ ते १९०९ या काळात निघाले. १९०७ साली त्यांनी लोकगीतांची मीमांसा करणारा ग्रंथ लिहिला. ही गाणी शाळांतील मुलांनी गावीत म्हणून ते अखंड झगडले.

त्यांच्या स्वभावात दोषही होते. छापताना त्यांनी शृंगारिक शब्द सौम्य केले. मूळ शब्द मात्र आपल्या वहीत राखले. लंडनमधील शिवणकामाच्या कारखान्यांतील गरीब मुलींना हे नाच शिकविणाऱ्या मेरी नील यांच्याशी त्यांचा कडवा वाद झाला. शार्प यांचा आग्रह अचूकपणाचा, तर मेरीबाईंचा आनंदाचा. १९११ साली शार्प यांनी स्वतंत्र नृत्यसंस्था काढली आणि मेरीबाईंचे कार्य मागे पडले. आज मात्र त्यांचेही श्रेय मोकळेपणाने मानले जाते.

महायुद्धाने मोठाच घाव घातला. संगीतकार जॉर्ज बटरवर्थ यांच्यासह शार्प यांच्या नृत्यपथकातील चौघे १९१६ साली रणांगणावर पडले. त्या वर्षी शार्प अमेरिकेत होते. ऑलिव्ह डेम कॅम्पबेल या बाईंनी तेथील अ‍ॅपलाशियन डोंगरांत इंग्लंडातून पूर्वी गेलेली गाणी शोधून काढली होती. ती पाहून शार्प यांनी डोंगराची वाट धरली. बरोबर होत्या मॉड कार्पेलिस. शार्प स्वर लिहीत आणि मॉडबाई लघुलिपीत शब्द टिपीत. दमा, ताप, पायपीट, शाकाहारामुळे जेवणाचे हाल, हे सारे सोसून १९१६ ते १९१८ या काळात एकूण ४६ आठवड्यांत त्यांनी २८१ गाणारांकडून १,६१२ चाली जमविल्या. नॉर्थ कॅरोलायनातील जेन जेन्ट्री या एकट्या गृहिणीने साठाहून अधिक गाणी सांगितली. त्याच भागातील कृष्णवर्णीयांच्या संगीताकडे मात्र त्यांनी फारसे लक्ष दिले नाही, ही उणीव राहिली.

२३ जून १९२४ रोजी लंडनमध्ये शार्प यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेल्या चालींची संख्या पाच हजारांच्या जवळ जाते. १९३० साली लंडनमध्ये त्यांच्या नावाची वास्तू उभी राहिली, आणि १९३२ साली मॉडबाईंनी अ‍ॅपलाशियन गीतांचा मोठा संग्रह दोन खंडांत संपादून गुरूचे काम पुरे केले. १९७६ साली त्या निवर्तल्या, तोपर्यंत त्यांनी हे व्रत सोडले नाही.

या लोकगीतांपैकी एकही शार्प यांनी निर्माण केले नाही. त्यांनी फक्त विचारले, ऐकले आणि लिहिले. परंतु ते विचारावयास गेले नसते तर त्या वृद्ध स्त्रियांबरोबर गाणीही गेली असती. त्यांच्या हस्तलिखित वह्या केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजाकडे आहेत. ज्या कष्टकरी बायकांचे नाव एरवी चर्चच्या दप्तराबाहेर कुठे उरले नसते, त्यांची नावे तेथे त्यांच्या गाण्याशेजारी आजही वाचावयास मिळतात. घरातील वडीलधाऱ्या बाईपाशी बसून तिचे गाणे उतरवून घेणे आणि खाली तिचे नाव घालणे, एवढे काम कोणालाही करता येण्यासारखे आहे. मात्र ते वेळेवर व्हावे लागते.