सूक्ष्मदर्शक न वापरता शरीरातल्या 21 ऊती ओळखणारा डॉक्टर

अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. ऊतींचे हे चार प्रकार शाळेत पाठ केलेले आठवतात? या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या झाविए बिशाचा सूक्ष्मदर्शकावर विश्वासच नव्हता!

1771 मध्ये फ्रान्समधल्या एका डॉक्टरच्या घरात जन्मलेला बिशा क्रांतीच्या धामधुमीत, 1793 मध्ये पॅरिसला आला आणि नामांकित सर्जन देसो यांचा लाडका विद्यार्थी बनला. दोनच वर्षांत देसो गेले. गुरूंचं अर्धवट लिखाण त्यानेच पुढे नेलं.

तेव्हा आजार म्हटलं की डॉक्टर अख्ख्या अवयवाकडे बघायचे. हृदय बिघडलं, फुफ्फुस बिघडलं, विषय संपला. बिशा म्हणाला, एका अवयवात अनेक ऊती असतात आणि आजार त्यातल्या एकीलाच धरू शकतो. तीच ऊती दुसऱ्या अवयवात असेल, तर तिथेही आजार तसाच वागतो. आज हे साधं वाटतं, तेव्हा नव्हतं.

मग तो मृतदेहांचे तुकडे उकळायचा, वाळवायचा, कुजवायचा, आम्लात टाकायचा. कोणता तुकडा कसा बदलतो, यावरून त्याने 21 ऊती वेगळ्या केल्या. एका हिवाळ्यात त्याने 600 शवविच्छेदनं केली, असं सांगतात. झोपायचा कधी, कोण जाणे.

1801 मध्ये त्याचा मोठा ग्रंथ आला. पुढच्याच वर्षी तो रुग्णालयाच्या जिन्यावरून पडला, तापाने फणफणला आणि 22 जुलैला गेला. वय फक्त 30.

पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले आणि 21 चे चार मुख्य गट झाले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या 72 नावांत बिशाचंही नाव आहे.