रोगाच्या मुळाशी

मुलांनो, मानखुर्द स्थानकात तुम्ही अनेकदा गाडीची वाट पाहिली असेल. एका बाजूची गाडी कुर्ल्याकडे जाते. कुर्ल्याला गाडी बदलली, की परळला जाता येते. दुसऱ्या बाजूची गाडी खाडीवरचा पूल ओलांडून वाशीला आणि तेथून पुढे खारघरला जाते. परळला टाटा स्मारक रुग्णालय आहे. खारघरला कर्करोगावर संशोधन करणारी मोठी संस्था आहे. या दोन्ही ठिकाणांशी एका डॉक्टरांचे नाव जोडलेले आहे. ते म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

या रोगाला उर्दूत सरतान म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा. मराठीतील 'कर्क' या शब्दाचा अर्थही खेकडाच. प्राचीन ग्रीक वैद्यांना या रोगाची गाठ आणि तिच्याभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्यासारख्या दिसल्या. म्हणून हे नाव पडले.

आपले शरीर असंख्य लहान पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात आणि नव्या तयार होतात. हे काम शिस्तीने चालते. कधी कधी काही पेशी ही शिस्त मोडून वाढतच राहतात. त्या आजूबाजूला पसरतात. यालाच कर्करोग म्हणतात.

वसंत खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले. १९२३ साली त्यांनी विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी मिळवली. रोगामुळे शरीरात कोणते बदल होतात, हे सांगणारे शास्त्र म्हणजे विकृतिशास्त्र. भारतात परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना शिकवले.

त्याच काळात एक दुःखद घटना घडली. १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढे त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. खानोलकरांकडे आली.

त्या काळी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हेच कर्करोगावरचे मुख्य उपाय होते. पण उपचार करण्यापूर्वी गाठ कसली आहे, हे कळायला हवे. त्यासाठी गाठीचा लहानसा तुकडा काढतात. त्याचे अतिशय पातळ काप करून त्यांना रंग देतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. डॉ. खानोलकर हेच काम करत. पण रोग ओळखण्यावर ते थांबले नाहीत. हा रोग याच माणसाला का झाला आणि शरीराच्या याच जागी का झाला, हा प्रश्न त्यांना पडे. उत्तर शोधण्यासाठी ते रुग्णांच्या सवयींकडे पाहू लागले.

बिहारमधील अनेक लोक चुना लावलेली खैनी खालच्या ओठाच्या आत ठेवत. त्यांना नेमका तेथेच कर्करोग होई. आंध्रच्या किनारी भागात काही लोक चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून तो ओढत. त्यांना टाळूचा कर्करोग होई. कमरेला वर्षानुवर्षे धोतर घट्ट आवळल्याने काही जणांना त्याच जागी त्वचेचा कर्करोग झालेला दिसला. १९४५ साली डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पुढे डॉ. सांघवी आणि डॉ. राव यांच्याबरोबर त्यांनी कर्करोगाच्या रुग्णांची इतर लोकांशी तुलना केली. तंबाखू चघळणे आणि ओढणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी संबंध आहे, असे त्यांना आढळले. १९५५ साली हे संशोधन ब्रिटनच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तोंडाचा कर्करोग हा केवळ नशिबाचा खेळ नाही, तो पुष्कळदा टाळता येतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. डॉ. खानोलकर त्याचे पहिले संचालक होते. त्यांनी अनेक तरुण संशोधक घडवले. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे त्यांपैकीच एक. या केंद्रात त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. डॉ. खानोलकरांनी कुष्ठरोगावरही संशोधन केले. ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५४ साली त्यांना 'पद्मभूषण' मिळाले. १९७८ साली त्यांचे निधन झाले. त्यांची संस्था २००२ साली खारघरला गेली. तेथील एका इमारतीला 'खानोलकर शोधिका' असे नाव दिले आहे.

मुलांनो, सगळेच कर्करोग तंबाखूमुळे होत नाहीत. रुग्णाला हात लावल्याने किंवा त्याच्याबरोबर जेवल्याने हा रोग होत नाही. म्हणून रुग्णाला कधी दूर लोटू नका. पण तुमची नानी मिसरी लावत असेल, चाचा तंबाखू मळत असतील, तर त्यांच्याजवळ बसा. त्यांना ही गोष्ट सांगा. तोंडातला व्रण किंवा पांढरा चट्टा पंधरा दिवसांत बरा झाला नाही, तर त्यांना डॉक्टरांकडे न्या. तुम्ही स्वतः मात्र ती पुडी हातात धरू नका. डॉ. खानोलकरांनी शोधलेले सत्य तुमच्या घरापर्यंत पोहोचवण्याचे काम आता तुमचे आहे.

शब्दार्थ
विश्वस्त निधी – लोकोपयोगी कामासाठी ठेवलेला पैसा
निष्कर्ष – अभ्यासातून निघालेले अनुमान
व्रण – जखम
चुट्टा – तंबाखूच्या पानाची जाड विडी

स्वाध्याय
१. कर्करोगाला खेकड्याचे नाव का मिळाले?
२. डॉ. खानोलकर रुग्णांच्या सवयींकडे का पाहू लागले?
३. तंबाखू खाणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला तुम्ही काय सांगाल? पाच वाक्ये लिहा.