सोनोग्राफीतला डॉप्लर : एका शिक्षकाची ओळख

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘कलर डॉप्लर’ हे शब्द तुम्ही वाचले असतील. ते मशीनच्या कंपनीचं नाव नाही बरं का, एका शिक्षकाचं आडनाव आहे.

ख्रिश्चन डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे झाला. घरचा धंदा दगड घडवण्याचा. मुलगा प्रकृतीने नाजूक, त्याला छिन्नी-हातोडा झेपेना, म्हणून शिकायला घातलं. शिकूनही नोकरी मिळेना. काही काळ सूतगिरणीत हिशेब लिहिले. अमेरिकेला निघायची तयारी झाली, तेवढ्यात १८३५ मध्ये प्रागला शिक्षकाची जागा मिळाली.

२५ मे १८४२ रोजी मोजक्या श्रोत्यांपुढे त्यांनी आपला निबंध वाचला. राजुरीच्या रस्त्यावर हॉर्न वाजवत येणारी गाडी आठवा. ती जवळ येताना आवाजाची पट्टी चढी असते, पुढे गेली की उतरते. आवाज लहान-मोठा होतो ते वेगळं. इथे पट्टीच बदलते. १८४५ मध्ये हॉलंडच्या बाइज बॅलट यांनी रेल्वेवर तुतारीवादक बसवून हे पडताळून पाहिलं.

फुप्फुसाच्या आजाराने १७ मार्च १८५३ रोजी व्हेनिस येथे डॉप्लर वारले. वय अवघं ४९. पुढे शंभरेक वर्षांनी जपानच्या शिगेओ सातोमुरा यांनी हेच तत्त्व शरीरात वापरलं. आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी आत सोडतात. तो रक्तातल्या तांबड्या पेशींवरून परततो. पेशी आपल्याकडे येत असतील तर पट्टी चढते, दूर जात असतील तर उतरते. या फरकावरून रक्ताचा वेग कळतो, अरुंद झालेली रक्तवाहिनी सापडते, पोटातल्या बाळाच्या नाळेतला प्रवाहही तपासता येतो. पडद्यावर निळा रंग दिसला म्हणून घाबरू नका. ते अशुद्ध रक्त नव्हे. तांबडा-निळा रंग फक्त प्रवाहाची दिशा सांगतो.

आपल्या तालुक्यातल्या खोडदची रेडिओ दुर्बीणसुद्धा याच तत्त्वाने दूरच्या वायूचा वेग मोजते.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. ताऱ्यांचे रंग त्यांच्या गतीमुळेच दिसतात, हा डॉप्लर यांचा निष्कर्ष चुकीचा ठरला. पण त्यामागचा नियम खरा निघाला. म्हणून वही तपासताना नुसतं उत्तर बघून फुली मारू नका. मुलाने विचार कसा केला, तेही वाचा.