तंबूतल्या पडद्यावरचा पाटील

खलनायक म्हटला की तो धिप्पाड असावा, त्याचे डोळे तांबारलेले असावेत आणि दारातून आत येताना त्याने निदान एक खुर्ची तरी लाथेने उडवावी, अशी आम्हा बोदवडकरांची हिंदी सिनेमावर पोसलेली समजूत होती. निळू फुले यांनी ती मोडली. बेताची उंची, सावळा रंग, अंगात सदरा-धोतर, डोक्यावर टोपी, आणि चालणे असे की बांधावर पाणी पाहायला निघालेला शेतकरी वाटावा. हाणामारी त्यांच्या वाट्याला फारशी नसेच. ती करायला पदरी माणसे असत. ते फक्त बघायचे. मान किंचित कलती करून, पापण्या अर्ध्या मिटून, समोरच्याला आधी पायापासून वर आणि मग वरून पायापर्यंत. तेवढ्यावर आमच्या तंबूतला गलका बसत असे.

टुरिंग टॉकीजचा तंबू आमच्याकडे पडायचा तो सुगीनंतर, कापूस विकून लोकांच्या हातात दोन पैसे खुळखुळू लागले की. खाली माती, वर ताडपत्री, मधोमध बांधलेला दोर. दोराच्या एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष. गर्दी झाली तर पोरांना पडद्यामागे बसवत आणि तिथून सिनेमा उलटा दिसे. त्यामुळे आमच्यातल्या काही जणांच्या लेखी मराठी चित्रपटसृष्टीतले सगळे नट डावखुरे होते.

या दोरामुळे एक गोष्ट मात्र स्पष्ट कळायची. पडद्यावर निळू फुल्यांनी एखाद्या बाईकडे नजर टाकली की पुरुषांच्या अंगाला दोन-चार शिट्ट्या हमखास वाजत. बायांच्या अंगाला त्याच क्षणी इतकी शांतता पसरे की इंजिनाची धडधड ऐकू यावी. बाकीच्या खलनायकांना बाया मोकळेपणी शिव्या घालत, बोटे मोडत. याला मोडत नसत. माझी आत्या त्या काळात हट्टाने प्रत्येक तमाशापट पाहायची. तिने एकदा घरी परतताना सांगितले होते की बाकीचे वाईट लोक सिनेमातले असतात, हा मात्र कुठेतरी पाहिलेला वाटतो. निळू फुल्यांच्या अभिनयावर मी पुढे बरेच काही वाचले, पण त्याहून नेमके मला कुठे सापडलेले नाही.

खरे तर आम्हाला तो ओळखीचा वाटण्याचे काही कारण नव्हते. पडद्यावरचा पाटील सातारा-कोल्हापूरकडचा. त्याच्या तोंडची भाषा आमच्या तावडी वळणाच्या बोलीपासून कोसभर दूर. त्याच्या मागे ऊस आणि साखर कारखाना, आमच्याकडे कापूस आणि जिनिंग. पण १९७२ नंतर कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि गाड्यांच्या रांगा लागू लागल्या, तेव्हा त्या रांगेत कोणाची गाडी पुढे जाते हे पोरांनाही दिसू लागले. माझ्या वडिलांची बैलगाडी दोन रात्री थांबली आणि तिसऱ्या दिवशी मागून आलेल्या सहा गाड्या आधी खाली झाल्या. ज्या गृहस्थांच्या त्या गाड्या होत्या ते आवाज चढवून एक शब्द बोलले नाहीत. उलट वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी घरची ख्यालीखुशाली विचारली. त्या हाताचे वजन काय असते ते निळू फुल्यांना माहीत होते. आपल्याला कोणी जाब विचारणार नाही ही खात्री अंगात मुरली की माणूस कसा चालतो, कसा हसतो, धोतराचा सोगा कसा धरतो, याचा त्यांनी केलेला अभ्यास दुसऱ्या कोणा मराठी नटाने केल्याचे मला आठवत नाही.

हा अभ्यास आला कुठून? निळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० च्या सुमारास पुण्यात झाला. घरची परिस्थिती बेताची, वडील लोखंडाचा आणि भाजीचा किरकोळ व्यवसाय करत. तरुणपणी ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून कामाला लागले. पगार महिना ८० रुपये, आणि त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. हा आकडा मला त्यांच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठा वाटतो. ज्या साने गुरुजींनी आमच्या खानदेशात अमळनेरला मुले शिकवली, त्यांना मानणारे हे सेवादल. त्याच्या कलापथकातून वग आणि लोकनाट्ये गावोगाव जात. दादा कोंडकेही याच मुशीतले. निळूभाऊंनी १९५७ च्या निवडणुकीच्या प्रचारासाठी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य लिहिले, पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधला त्यांचा रोंगे लोकांच्या लक्षात राहिला. म्हणजे पुढाऱ्याची टर उडवणे हे या माणसाचे पहिले काम. पुढे पुढारी साकारताना त्याची प्रत्येक लकब त्यांच्याजवळ आधीच जमा होती. टर उडवायची तरी माणूस आधी नीट पाहावा लागतो.

शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने ते गाजले आणि तिथून दिग्दर्शक अनंत माने यांनी त्यांना ‘एक गाव बारा भानगडी’मध्ये घेतले. साल १९६८. त्यातला झेले अण्णा पाहिला तेव्हा मी इतका लहान होतो की गावातल्या बारा भानगडींपैकी दोनही मला कळल्या नसतील. लक्षात राहिला तो त्यांचा आवाज. घशातून ओढून काढल्यासारखा, शेवटच्या शब्दाला सैल सोडून दिलेला. कानाशी गूळ लावावा आणि मागून मुंगळा चावावा, तसा.

पुढे जळगावला नोकरीत असताना व्हिडिओ कॅसेटींवर मी जुने हॉलिवूडपट पाहू लागलो आणि तिथे मला निळूभाऊंचे चुलते भेटले. एडवर्ड जी. रॉबिन्सन आणि जेम्स कॅग्नी. १९३१ साली एकाचा ‘लिटल सीझर’ आला, दुसऱ्याचा ‘द पब्लिक एनिमी’. दोघेही ठेंगणे, रूपाने सामान्य, आणि अमेरिकेचे थरकाप उडवणारे गुंड. रॉबिन्सन खासगीत चित्रांचा मोठा संग्राहक, तर कॅग्नी मुळात नाचा. पडद्यावरच्या दांडगाईला दांडगे शरीर लागत नाही हे या मंडळींनी तिकडे सिद्ध केले होते. तरी एक फरक आहे. कॅग्नीचा गुंड कायद्याबाहेरचा असतो आणि शेवटी गोळ्या खाऊन मरतो. निळूभाऊंचा पाटील कायद्याच्या आत बसलेला असतो. सरपंच तो, चेअरमन तो, फौजदार त्याच्या पंक्तीला. त्याला मारायला पोलीस यायचे कुठून?

हे सगळ्यात ठसठशीत दिसते ‘सामना’मध्ये. १९७५ च्या आसपासचा हा चित्रपट. रामदास फुटाणे निर्माते, विजय तेंडुलकर लेखक, जब्बार पटेल दिग्दर्शक. बर्लिनच्या महोत्सवापर्यंत तो गेला. साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील यांच्या गावात दारूने खचलेला एक मास्तर येऊन पडतो. ते काम डॉ. श्रीराम लागूंचे. हिंदुराव त्याला वाड्यावर ठेवून घेतो, खाऊ-पिऊ घालतो. मास्तर मात्र बेपत्ता झालेल्या मारुती कांबळे नावाच्या माणसाची चौकशी करू लागतो आणि ती काही केल्या थांबवत नाही. मी हा चित्रपट किती वेळा पाहिला याची गणती नाही. दर वेळी माझे लक्ष मास्तरावरून हिंदुरावाकडे सरकते. या बलाढ्य माणसाला मास्तर आवडलेला आहे! सगळे गाव हांजी हांजी करणारे. एवढा एकच प्राणी असा की ज्याच्याशी बोलताना मजा येते. आपल्याला बुडवणार तो हाच, हे कळू लागल्यावरही हिंदुरावाच्या डोळ्यांतून ती आपुलकी पूर्ण पुसली जात नाही. आणि त्या आपुलकीच्या आडून भीती डोकावू लागते. डॉ. लागूंचे काम थोरच, पण ते काम आहे हे दिसते. निळूभाऊंचे दिसत नाही. असे म्हटल्यावर लागूभक्त रागावतील, रागावोत.

त्याच जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’मध्ये, १९७९ साली, हाच नट दिगू टिपणीस नावाचा पत्रकार झाला. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट. मुख्यमंत्र्यापासून कामगार पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांचे डाव पाहणारा आणि काहीही करू न शकणारा माणूस. डोळे तेच, अर्धे मिटलेले. पण आता ते सत्ता गाजवत नाहीत, सत्तेला न्याहाळतात. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. तंबूत निळूभाऊंच्या हसण्याने आम्ही घाबरायचो. इथे त्या हसणाऱ्यासाठी घाबरायला होते.

नाटकातही त्यांनी असेच टोक गाठले होते. तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये कमलाकर सारंगांनी रंगमंचावर आणले, त्यावर बंदी आली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि नाटक सुटले. त्या गदारोळात सखाराम उभा करणारे निळू फुले. टाकलेल्या बायकांना घरात ठेवणारा, आपले नियम उघड सांगणारा, ओबडधोबड माणूस. पुढे जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये त्यांनी मुलाच्या सत्तेपुढे हताश झालेला गांधीवादी बापही केला. हिंदीत महेश भट्ट यांच्या ‘सारांश’मध्ये (१९८४) गजानन चित्रे हा मुंबईतला पुढारी त्यांनी रंगवला आहे, म्हाताऱ्या जोडप्याला धमकावणारा हा माणूस पाहिला की कळते, पाटलाने फक्त धोतर सोडले आहे.

त्यांचे सगळेच चित्रपट चांगले होते असे मी म्हणणार नाही. कितीतरी चित्रपटांत त्यांना शिक्क्यासारखे वापरले गेले. तीच बैठक, तीच फडावरची बाई, तोच डाव आणि शेवटच्या रिळात तोच पराभव. निर्मात्याने पटकथेवर वाचवलेले पैसे त्यांच्या नजरेतून वसूल केले. अशा चित्रपटांत त्यांचा बाज निव्वळ सराईत होतो, आणि ते पाहताना मला कंटाळा येतो.

पडद्याबाहेर हा माणूस कसा होता हे महाराष्ट्राला हळूहळू कळले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते होते. सामाजिक कार्यकर्त्यांच्या योगक्षेमासाठी उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीकरिता डॉ. लागूंसह नामवंत नटांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले, त्यातही ते होते. ‘सामना’तले दोन वैरी एका गाडीतून चळवळीसाठी पैसे गोळा करत हिंडत होते. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. अन्ननलिकेच्या कर्करोगाने १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातली माहिती मी आत्याला वाचून दाखवली. माळीकाम, सेवादल, पगारातले दहा रुपये, सगळे. तिने ऐकून घेतले, आणि तो माणूस चांगलाच असणार यावर तिचा विश्वास बसला. पण पडद्यावरच्याला माफ करायला ती तयार झाली नाही. निळूभाऊंना हे कळते तर ते खूष झाले असते असे मला वाटते.

आता नकलाकार बाईला वाड्यावर बोलावण्याचे एक वाक्य त्यांच्या आवाजात म्हणतात आणि टाळ्या घेतात. गणेशोत्सवात, स्नेहसंमेलनात, मोबाइलवरच्या चित्रफितींत, सगळीकडे तेवढे एकच वाक्य. ऐंशी रुपयांतले दहा देणाऱ्या माणसाने ज्या नजरेची लोकांना शिसारी यावी म्हणून जन्मभर मेहनत केली, ती नजर आता गंमत म्हणून खपते. मागे बोदवडला एका कार्यक्रमात दहा-बारा वर्षांच्या मुलाने ही नक्कल केली, आणि खरोखर हुबेहूब केली. मंडप हसून लोटपोट झाला. आता मध्ये दोर नसतो, बायका-पुरुष शेजारी बसतात. मी सवयीने बायकांकडे पाहिले. पोरीबाळी हसत होत्या. मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या मात्र हसत नव्हत्या. त्यातल्या एकीने डोक्यावरचा पदर नकळत पुढे ओढून घेतला होता.