हसमुख धीरजलाल सांकलिया

हसमुख धीरजलाल सांकलिया (१० डिसेंबर, इ.स. १९०८, मुंबई – २८ जानेवारी, इ.स. १९८९; पुणे) हे भारतीय पुरातत्त्वज्ञ होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी पुरातत्त्वाच्या अध्यापनाचा आणि उत्खननाचा पाया घातला.

जीवन

सांकलिया यांचा जन्म मुंबईतील एका गुजराती कुटुंबात झाला. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. शालेय वयात लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचा गुजराती अनुवाद त्यांच्या वाचनात आला आणि ते प्राचीन इतिहासाकडे वळले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून संस्कृत घेऊन पदवी मिळवल्यावर त्यांनी फादर हेरास यांच्या हाताखाली नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. गुजरातच्या पुरातत्त्वावरील संशोधनासाठी लंडन विद्यापीठाने त्यांना १९३७ मध्ये डॉक्टरेट दिली. तेथील वास्तव्यात मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात त्यांनी थरानुसार खोदण्याचे शिक्षण घेतले. १९३९ मध्ये ते डेक्कन कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

ब्रह्मपुरी उत्खनन

कोल्हापूरच्या पंचगंगेकाठी असलेल्या ब्रह्मपुरी टेकाडाची ख्याती प्रथम मूर्तीमुळे झाली. प्रा. के. जी. कुंदनगार यांच्या शोधकार्यात तेथे ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची मूर्ती होती. ही मूर्ती आज टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहे. राजारामपुरीसारख्या, क्रमांकांच्या सरळ गल्ल्यांच्या वसाहती विसाव्या शतकातल्या. जुने कोल्हापूर मात्र नदीच्या या बाजूला जमिनीखाली होते.

१९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. महाराष्ट्रातील अशा स्वरूपाच्या आरंभीच्या उत्खननांपैकी ते एक होय. खालच्या थरांत सातवाहनकालीन विटांची घरे व नाणी, तर वरच्या थरांत बहामनी काळातील वस्ती आढळली. या वरच्या वस्तीतून रंगीत काचेच्या बांगड्या आणि झिलईदार भांड्यांची खापरे निघाली.

ही खापरे दिसायला किरकोळ असली तरी महत्त्वाची आहेत. भाजलेल्या मातीवर वाळूतील सिलिका व तिला वितळवणारे शिसे किंवा क्षार यांचा लेप देऊन भांडे पुन्हा भट्टीत घातले, की त्यावर काचेचा पातळ थर बसतो. तांब्याच्या अंशाने तो हिरवा वा निळसर होतो. दख्खनच्या कुंभारांची परंपरा बिनझिलईच्या भांड्यांची होती. हे तंत्र येथे मुख्यतः सुलतानी काळात इराण व मध्य आशियाच्या संपर्कातून रुजले. त्यामुळे झिलईचे खापर ज्या थरात सापडते, त्या थराचा काळ ठरविण्यास त्याची मोठी मदत होते. अर्थात उंदराच्या बिळातून वा नंतर खणलेल्या खड्ड्यातून ते खाली घसरलेले नाही, याची आधी खात्री करावी लागते. म्हणूनच थरांची नोंद खोदतानाच करावी लागते. ती राहिली तर पुन्हा करता येत नाही. मूर्ती एरवीही जपली गेली असती. खापरांना मात्र नोंदीवाचून काहीच अर्थ उरला नसता.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात मोरेव्हियन पंथीय वसाहतकारांची झिलईदार भांडी १९६० च्या दशकात स्टॅन्ली साउथ यांनी बेथाबारा येथे उत्खननात मिळवली. पंथाने दैनंदिन नोंदी ठेवल्यामुळे १७५५ मध्ये तेथे आलेल्या गॉटफ्रीड ऑस्ट या कुंभाराचे नावही ठाऊक आहे. ब्रह्मपुरीची खापरे निनावी आहेत आणि त्यांचा इतिहास थरांवरूनच वाचावा लागतो. या उत्खननाचा अहवाल १९५२ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला.

पुढील कार्य

नाशिक-जोर्वे, नेवासे, नावडातोली आणि इनामगाव येथील उत्खननांतून महाराष्ट्र व माळव्यातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे जीवन उजेडात आले. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून एका संस्कृतीला नाव मिळाले, तेही तेथील तांबड्या खापरांवरील काळ्या नक्षीमुळे. रामायणातील लंका मध्य प्रदेशात असावी, हे त्यांचे मत मात्र वादग्रस्त ठरले.

१९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतरही ते पुण्यातच राहून संशोधन करीत होते.