बाराव्या वर्षी पाटी हाती घेतलेला राजा

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे गाव आहे. नकाशात ते शोधावे लागते. तिथल्या काशीराव गायकवाडांच्या घरी मार्च १८६३ मध्ये एक मुलगा जन्माला आला, त्याचे नाव गोपाळ. घर शेतकऱ्याचे. बडोद्याच्या राजघराण्याशी नाते होते, पण ते लांबचे, वंशावळीत दाखवण्यापुरते. रोजच्या भाकरीशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले, खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली आणि त्या लांबच्या नात्याला एकाएकी धुमारे फुटले. कवळाण्याची मुले बडोद्याला नेण्यात आली, त्यांतून गोपाळची निवड झाली आणि २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन त्याचे सयाजीराव झाले.

त्या निवडीच्या वेळी या मुलाने कोणाला काय उत्तर दिले, याच्या आख्यायिका पुष्कळ आहेत. त्या बाजूला ठेवू. मला महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. त्या दिवशी या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते.

वय बारा. म्हणजे आजच्या हिशेबाने सहावी-सातवीचा विद्यार्थी. त्या वयात त्याने मराठी मुळाक्षरे गिरवायला घेतली आणि बरोबरीने गुजराती, उर्दू आणि इंग्रजी. शिक्षक म्हणून एलियट नावाचे सनदी अधिकारी नेमले होते. दिवाण सर टी. माधवराव राज्यकारभाराचे धडे द्यायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अभ्यास, मध्ये व्यायाम, घोडदौड. उन्हातान्हात वाढलेल्या पोराला सहा वर्षांत राजा करायचा होता आणि त्यासाठी त्याला अक्षरशः जुंपले गेले. २८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या सयाजीरावांच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली. या अतोनात अभ्यासाने त्यांची तब्येत कायमची नाजूक झाली. निद्रानाश जडला आणि प्रकृतीसाठी परदेशच्या वाऱ्या सुरू झाल्या. पण वाचनाची गोडीही त्याच काळात लागली, ती अखेरपर्यंत सुटली नाही.

सयाजीरावांचे चरित्र आज सांगावेसे वाटले, याला एक निमित्त आहे. आमच्या पालीतल्या एका शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांसाठी एक ग्रंथालय आहे. आहे म्हणजे दोन लोखंडी कपाटे आहेत आणि त्यांना कुलूप आहे. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि त्या पैशांचे काय करावे यावर गावात दोन तट पडले. एकाचे म्हणणे, कपाटे हलवा आणि त्या खोलीत टॅब्लेट व संगणक मांडा. पुस्तके आता वाचतो कोण? दुसऱ्याचे म्हणणे, यंत्रे नकोतच, मुले आधीच मोबाइलपायी वाया चालली आहेत. मी निवृत्त बँकवाला, शिवाय दोन-चार कादंबऱ्या नावावर, म्हणून दोन्ही तटांनी मला आपल्या बाजूचा धरले होते. मला मात्र त्या बैठकीत सारखे बडोदे आठवत होते. हे भांडण तिथे शंभर वर्षांपूर्वीच होऊ शकले असते. ते झाले नाही, कारण तिथला राजा दोन्ही गोष्टी एकाच खात्यातून करत होता.

आता क्रमाने सांगतो. राज्य हाती आल्यावर सयाजीरावांनी शिक्षणाकडे लक्ष दिले. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. तो जमल्यावर १९०६ मध्ये साऱ्या संस्थानाला कायदा लागू केला. मुलांना सात ते बारा, मुलींना सात ते दहा या वयात शाळा सक्तीची. गैरहजेरीबद्दल पालकांना दंड होई. शेतीच्या हंगामात हाताशी आलेले पोर शाळेत धाडायचे आणि न धाडल्यास वर दंड भरायचा, हे गरिबाला जाचक वाटलेच असणार. राजाने ते रेटले.

पण लवकरच या योजनेतली गळती दिसू लागली. बाराव्या वर्षी मुलगा शाळेतून सुटला की नांगरामागे लागायचा. घरात छापलेला कागद नाही, गावात पुस्तक नाही. चार-पाच वर्षांत शिकलेली अक्षरे पुसली जायची. म्हणजे शाळेवर केलेला खर्च पाण्यात! ग्रंथालयांचा विचार बडोद्यात या हिशेबातून आला. वाचनाने माणूस थोर होतो वगैरे गोष्टी खऱ्या असतील, पण सयाजीरावांपुढचा प्रश्न रोकडा होता. मिळालेली साक्षरता टिकवायची कशी?

इथे राजाआधी एका शिक्षकाला मान द्यायला हवा. चरोतर भागातल्या वसोचे मोतीभाई अमीन. १९०६ च्या सुमारास त्यांनी मित्रमंडळ या नावाने गावोगाव छोटी वाचनालये काढायला सुरुवात केली होती. हाती सत्ता नाही, तिजोरी नाही, होती ती फक्त चिकाटी. सयाजीरावांचे मोठेपण असे की त्यांनी हे काम दडपले नाही किंवा त्याला समांतर दुकान थाटले नाही. पुढे ग्रंथालय खाते निघाले तेव्हा मोतीभाईंना त्यात घेतले.

ते खाते निघाले १९१० साली. अमेरिकेच्या दौऱ्यात महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. कोणीही यावे, उघड्या मांडणीतून पुस्तक घ्यावे आणि घरी न्यावे, हे त्यांना भावले. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरातले ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना त्यांनी बडोद्याला आणले. बोर्डन तीन वर्षे राहिले आणि त्या अवधीत त्यांनी पाया घातला. पुस्तकांच्या वर्गवारीची पद्धत बसवली, मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. भारतात असा वर्ग त्याआधी नव्हता. रंगनाथन मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले ते १९२४ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचे वेगळेपण कळते. १९१२ पासून खात्याच्या मंडळींनी एक त्रैमासिकही चालवले, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. बोर्डन गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर आणि नंतर न्यूटन मोहन दत्त यांनी धुरा वाहिली.

मला सर्वांत आवडतो तो पैशांचा नियम. गावाला ग्रंथालय हवे असेल तर गावाने वर्गणी काढायची. तेवढीच रक्कम पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. तिघांचा तिसरा-तिसरा हिस्सा. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना मी एक गोष्ट नेहमी पाहत असे, की घेणाऱ्याने पदरचे किती घातले आहेत. ज्याचे स्वतःचे चार पैसे गुंतलेले असतात, तो धंदा सहसा वाऱ्यावर सोडत नाही. फुकट मिळालेल्या शेळीला कोणी इतके जपत नाही. १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढणाऱ्या माणसाला हे कळत होते, यात नवल नाही. ज्या गावाने वर्गणी काढली, त्या गावाला ग्रंथालय आपले वाटले. बऱ्याच ठिकाणी ते शाळेतच भरे आणि शाळामास्तरच ते सांभाळत.

आणि जिथे एवढीही ऐपत नव्हती? तिथे पेटी जाई. लाकडी पेटी, तिच्यात पंधरा ते तीस पुस्तके, गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाच्या हवाली केलेली. ठरावीक मुदत झाली की ती परत यायची आणि दुसरी जायची. ने-आणीचा खर्च खात्याचा, वाचणाऱ्याला एक पैसाही नाही. हे फिरते ग्रंथालय. गावकऱ्यांवर विश्वास टाकून सरकारी मालमत्ता अशी पाठवायची, याला छाती लागते. आमच्याकडे शाळेतले पुस्तक हरवले तर जडसंग्रह नोंदवहीत ते कसे दाखवायचे या धास्तीने शिक्षक कपाट उघडतच नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. हरवणे गृहीत धरून थोडी तूट निर्लेखित करायची सोय असावी लागते. बँकेत आम्ही ते दरवर्षी करत होतो आणि बँक बुडाली नाही.

आता यंत्रांकडे येतो. बडोद्याच्या ग्रंथालय खात्याची एक शाखा होती, दृश्य शिक्षणाची. तिच्याकडे जादूचे कंदील आणि काचेवरची चित्रे होती, स्टिरिओस्कोप होते आणि चक्क सिनेमाची यंत्रे होती. स्टिरिओस्कोप म्हणजे डोळ्यांना लावायची चौकट. तिच्यात एकाच दृश्याची किंचित वेगळी दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी बसवायची, की डोळ्यांसमोर खोली असलेले एकच दृश्य उभे राहते. वीज नको, तेल नको. ज्याने तालुक्याचे गाव ओलांडले नाही, त्याला नायगारा दिसावा अशी ही करामत. सिनेमाची यंत्रे गावोगाव फिरत, खेळ फुकट असत आणि अक्षरशत्रू माणसेही तिथे येत. दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र १९१३ चा. त्याच दशकात बडोद्यात ग्रंथालय खाते सिनेमा दाखवत होते! आणि फाळके स्वतः शिकले कुठे, तर सयाजीरावांनीच १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात.

मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांची वेगळी खोली होती. पुस्तके, चित्रे आणि खेळ एकत्र मांडलेले. खेळायला आलेला मुलगा पुस्तकाशी पोचेल, असा तो बेत. मुलांसाठी श्री सयाजी बालज्ञानमाला आणि थोरांसाठी श्री सयाजी साहित्यमाला या मालांतून गुजराती-मराठी पुस्तके काढली गेली. त्यासाठी महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला होता. म्हणजे यंत्र आणले, तसे त्याच्या शेजारी ठेवायला मुलाच्या भाषेतले पुस्तकही लिहवून घेतले. आमच्या बैठकीत मी एवढेच मांडले. टॅब्लेट घ्यायचे तर घ्या, पण ते कपाटाच्या जागी नव्हे, कपाटाशेजारी ठेवा. पुस्तकांसारखीच त्यांची देवघेव वहीत नोंदवा. आणि सुधागडच्या ठाकर-कातकरी वाड्यांवर, जिथली मुले पावसात शाळेपर्यंत पोचत नाहीत, तिथे एक पेटी फिरवा. वर्गणीचा तिसरा हिस्सा पालकांकडून काढावा, हा माझा ठराव मात्र नामंजूर झाला. बाकीचे अजून चर्चेत आहे. असो.

सयाजीरावांचे सगळेच चांगले होते असे लिहिले तर ते चरित्र होणार नाही. साहेबी थाटाचा लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला, त्यावर झालेला खर्च डोळे दिपवणारा होता. वर्षातले महिनोन्महिने ते परदेशी असत. आणि त्यांच्या हुकमाला जिथे मर्यादा पडली, ती जागा तर फार बोचते. अस्पृश्यांसाठी त्यांनी राज्य हाती येताच शाळा काढल्या. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. १९१७ साली करारानुसार आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला घर मिळाले नाही. कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत. एका पारशी धर्मशाळेत खोटे नाव घेऊन राहावे लागले, तिथूनही लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढले. मुंबईच्या गाडीची वाट पाहत जगातल्या एका नामांकित विद्यापीठात शिकलेला हा माणूस कमाठी बागेत बसून राहिला. ती बाग सयाजीरावांनीच १८७९ मध्ये लोकांसाठी केलेली. राजाने शाळा दिली, शिष्यवृत्ती दिली, ग्रंथालये दिली, पण आपल्याच राजधानीत एक खोली त्याला देता आली नाही.

घरातही सुख फार नव्हते. पहिली पत्नी १८८५ मध्ये गेली. थोरला मुलगा फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये, जयसिंहराव १९२३ मध्ये, असे तीन तरुण मुलगे त्यांनी गमावले. झोप न येणाऱ्या या माणसाने पुस्तकांचा आधार घेतला. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून त्यांच्या नोकरीत होते आणि महाराजांना वाचून दाखवणे हे त्यांचे एक काम होते. राजपुत्रांना इतिहास शिकवताना सरदेशांनी काढलेल्या टिपणांतून पुढे रियासतीचे खंड झाले. मराठी वाचकावर बडोद्याचे हे एक निराळेच ऋण. १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सयाजीरावांना मिळाले. ज्याला बारा वर्षांचा होईपर्यंत मराठी अक्षर ओळखता येत नव्हते, तो त्या खुर्चीत बसला.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मध्यवर्ती ग्रंथालय मात्र राहिले. बडोद्यात मांडवीला ते आहे. त्याच्या पुस्तकांचे मजले लोखंडी सांगाड्यावर उभे आहेत आणि त्यांची जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून. सुरुवातीला तिथे जी पुस्तके आली, त्यांत राजवाड्यातला महाराजांचा स्वतःचा संग्रह होता. सुमारे वीस हजार पुस्तके. ती त्यांनी आपल्या हयातीतच लोकांना देऊन टाकली होती.